कर्नल जगदाळ्यांची पाणसळ

काही माणसं खिशात पेन ठेवतात, काही पानसुपारी. कर्नल नरेंद्र जगदाळे, निवृत्त, यांच्या खिशात पाणसळ असते. गवंड्याच्या हातात असते तेवढी मोठी नव्हे. वीतभरही नसलेली, पितळी, मधल्या काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की नरेंद्ररावांच्या जिवात जीव येतो. नाही आला तर त्या दिवशी घरात कोणाचं काही खरं नसतं.

हा मूळचा कोरेगावचा, सातारा जिल्ह्यातला माणूस. सैन्यात इंजिनिअर. उभी हयात पूल बांधण्यात गेली, कधी नदीवर, कधी नाल्यावर, कधी नुसत्या बर्फावर. शेवटची नेमणूक चंडीगढशेजारच्या चंडीमंदिर छावणीत झाली आणि त्या निमित्ताने त्यांनी चंडीगढ नीट पाहिलं. पट्टी धरून आखलेलं शहर. रस्ता रस्त्याला काटकोनात भेटतो, एक सेक्टर दुसऱ्याला खेटून बसतो, झाडंसुद्धा रांगेत उभी. नरेंद्रराव प्रेमातच पडले. निवृत्तीनंतर कोरेगावला जायचं ठरलेलं होतं, धाकट्या भावाने खोलीही रंगवून ठेवली होती. पण कोरेगावातली गल्ली मनात येईल तिथे वळते. आयुष्याची संध्याकाळ असल्या गल्लीत घालवणं त्यांना झेपलं नसतं.

त्यांच्या पत्नी नेत्राबाईंनीही चंडीगढला लगेच होकार दिला, पण त्यांचं कारण निराळं होतं. त्या वणीच्या, म्हणजे कोळशाच्या मुलखातल्या. इथल्या विद्यापीठात त्या भूशास्त्र शिकवतात. घराच्या गच्चीवरून शिवालिकचे डोंगर दिसतात आणि त्या डोंगरांत एकही थर सरळ नाही. कुठे दुमडलेला, कुठे मोडलेला, कुठे तर खालचा उठून वरच्याच्या बोकांडी बसलेला. हे सगळं नेत्राबाईंना फार आवडतं. नवऱ्याला शहर आवडलं आणि बायकोला शहरामागचे डोंगर. एकाला सरळ पाहिल्याशिवाय चैन नाही, दुसरीला वाकडं सापडल्याशिवाय. तरी संसार सुखाचा झाला, कारण दोघंही दुसऱ्याचं बोलणं फारसं ऐकत नसत.

नरेंद्ररावांची कीर्ती एव्हाना मराठी मंडळात पसरलेली होती. एका गणेशोत्सवात ऐन आरतीच्या वेळी त्यांनी मखरावर पाणसळ ठेवली. डावी बाजू अर्धं बोट खाली निघाली. मग काय, गणपती उचलून खुर्चीवर बसवले, मखर सोडवलं, पुन्हा जोडलं. तोवर भटजी ताटकळले, निरांजनं विझली आणि हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी मोदक खायला घेतले. शेजारच्या सरदारजींच्या घरी गेले की नरेंद्रराव पाणी प्यायच्या आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात. सरदारजी हौशी आहेत. ते आता कर्नलसाहेब येणार कळलं की एकदोन फोटो मुद्दाम तिरके करून ठेवतात आणि ते किती वेळात सुधारतात यावर बायकोशी पैज लावतात.

नेत्राबाईंचा विषय मात्र चेष्टेचा नव्हता. जमिनीखालच्या कोळशात वायू असतो. एरवी तो हळूहळू झिरपत बाहेर येतो, पंख्याच्या वाऱ्याने निघून जातो. पण क्वचित एखाद्या खाणीत काय होतं, कामगार समोरची कोळशाची भिंत फोडत असतात आणि ती भिंत एकाएकी आतून ढकलल्यासारखी बाहेर येते. शेकडो टन भुगा आणि त्याबरोबर वायू. समोर जो असेल तो गाडला जातो, मागे असेल तो गुदमरतो. याला उद्रेक म्हणतात. तो कुठेही होत नाही, ही खरी गोम. जिथे पृथ्वीच्या पोटात कधीकाळी थर दुमडला, किंवा मोडून एक बाजू खाली सरकली, तिथेच बहुधा होतो. असा मोडलेला भाग म्हणजे भ्रंश. खाणीतली माणसं त्याला सरळ फॉल्ट म्हणतात. तिथे कोळशाचं रगडून पीठ झालेलं असतं, त्या पिठात वायू दबा धरून बसतो आणि भ्रंशाने वाट बुजलेली असली की त्याला निसटताही येत नाही.

"करंजी तेलात फुटते ती कुठं फुटते?" असं नेत्राबाई विद्यार्थ्यांना विचारत. विद्यार्थी पंजाबचे, हरियाणाचे. करंजी म्हणजे गुजिया, एवढं सांगितलं की त्यांना कळत असे. "जिथं दुमड नीट बसली नाही तिथं. मधे कधी फुटत नाही. आपल्याला फक्त दुमड कुठं आहे ते शोधायचं आहे. अन् करंजी आपण बाहेरून पाहतो, खाण आपण आतून पाहून राहिलो, एवढाच फरक."

हे वाक्य नरेंद्ररावांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते त्यांना ऐकूच येत नसे.

नेत्राबाईंच्या प्रयोगांची झळ त्यांना पोचायची ती वेगळ्या मार्गाने. एकदा घरचा खलबत्ता सापडेना म्हणून बाईंनी कोळसा मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बारीक केला. भांडं घासलंही, पण घाईत. दुसऱ्या दिवशी नरेंद्ररावांनी करड्या रंगाची खोबऱ्याची चटणी दोनदा मागून घेतली आणि जवसाची आहे का असं विचारलं. नेत्राबाईंनी होय म्हणून सांगितलं. ही गोष्ट त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

तर त्या ऑगस्टमध्ये नेत्राबाईंसमोर मोठा पेच उभा राहिला. झारखंडातल्या एका खासगी खाणीत नवी गॅलरी, म्हणजे कोळसा काढत पुढे सरकणारा बोगदा, चालू होती. खाणीने त्यांच्याकडून सल्ला मागवला होता. बाईंनी आजूबाजूचे खडक पाहून सांगितलं की पुढे भ्रंश आहे, गॅलरी थांबवा, आधी लांब भोकं पाडून समोर काय आहे ते बघा, वायू काढून घ्या, मगच माणसं पुढे न्या. खाणीचं म्हणणं असं की आमच्या नकाशात थर सुतासारखा सरळ आहे, वायूही फार दिसत नाही, मग थांबायचं कशाला. सोमवारी दिल्लीत मालकांची बैठक होती. तिथे पुढे जा असं ठरलं असतं तर आठवड्याच्या आत माणसं त्या तोंडाशी घण घालत असती.

खाणीचे मॅनेजर अच्युत देवतळे मूळचे भद्रावतीचे, बाईंच्या मुलखातले. ते फोनवर म्हणाले, "मॅडम, मी रविवारी दिल्लीवरून येतो. मला डोळ्यांनी दाखवा. मालकांसमोर मला काही तरी पाहिलेलं सांगता आलं पाहिजे. ऐकलेलं चालत नाही तिथं."

डोळ्यांनी दाखवायची सोय बाईंकडे होती. डेराबस्सीच्या एका वेल्डरकडून त्यांनी जाड पत्र्याच्या दोन पेट्या करून घेतल्या होत्या. पेटीत खाली खडकाचा थर, त्यावर कोळसा, वर पुन्हा खडक. मागून हवा भरायची, आणि पुढच्या बाजूला मूठभर आकाराचं एक भोक, त्यावर खटक्याचं झाकण. ते भोक म्हणजे गॅलरीचं तोंड. दोरी ओढून झाकण उडवलं की खाणीत भिंत फुटते तेव्हा जे होतं ते इथे लहान प्रमाणात होतं. पहिल्या पेटीत थर सरळ, घट्ट. तिच्यातून नुसती फुस्स अशी हवा यायची. दुसरीत मधोमध भ्रंश. तिच्यातून कोळसा उसळायचा. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्या की आंधळ्यालाही कळावं.

विभागात नेमकं रंगकाम निघालेलं, म्हणून पेट्या घरच्या गॅरेजमध्ये आल्या. तिथल्या जुन्या टेबलावर बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही पेट्यांत कोळसा बसवला. घट्ट कोळसा म्हणजे भुकटी आणि प्लॅस्टर यांचा ओला गिलावा, वाळून टणक होणारा. नरेंद्ररावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "टेबलाला कुणाचा धक्का लागणार नाही. माझी जबाबदारी."

त्याच संध्याकाळी त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये आत घेतली.

ज्यांनी वाहत्या नदीवर रातोरात पूल टाकले, त्यांना गाडी मागे घेता येत नाही, हे जगदाळ्यांच्या घरातलं उघड गुपित होतं. मागून टक असा बारीक आवाज आला. नरेंद्रराव खाली उतरले. बंपर टेबलाच्या पायाला टेकला होता. पेट्या जागच्या जागी होत्या. त्यांनी गाडी वीतभर पुढे घेतली, दिवा मालवला आणि आवाज झालाच नाही असं स्वतःला समजावून जेवायला बसले.

शनिवारी सकाळी नेत्राबाई विद्यार्थ्यांना घेऊन पिंजौरच्या पुढे निघाल्या, रस्त्याच्या कडेला उघडे पडलेले वाकडे थर दाखवायला. नरेंद्रराव पेपर वाचत होते. बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "दुपारपर्यंत वाळेल. वरचा खडक म्हणून दोन्हींवर शाडूचा थर द्या, सारखा द्या, अन् वरची झाकणं आवळून टाका. तुमच्याइतकं सारखं कोणाला जमत नाही." हे वाक्य नरेंद्ररावांनी नीट ऐकलं. स्तुती होती ना. मग बाई दारातून आणखी काहीतरी म्हणाल्या. त्यावर नरेंद्रराव "हं" म्हणाले.

नरेंद्ररावांचे हं दोन प्रकारचे असतात. एक ऐकल्याचा, एक ऐकायचं राहिल्याचा. दोन्ही कानाला सारखेच लागतात. इतक्या वर्षांत नेत्राबाईंनाही फरक ओळखता आलेला नाही.

दुपारी ते शाडूची बादली घेऊन गॅरेजात गेले आणि दुसऱ्या पेटीत डोकावले. कोळशाचा थर मधोमध तुटला होता. अर्धा भाग वर, अर्धा चांगला दोन बोटं खाली, आणि मधल्या तिरप्या फटीत भुसभुशीत काळी भुकटी साचलेली. त्यांना तो टक आठवला. त्यांनी पहिल्या पेटीत पाहिलं. तिथे थर शाबूत होता, फक्त पुढच्या बाजूला, भोकाच्या आत लगेच, खळगा पडलेला दिसला. किरकोळ गोष्ट होती ती. दुसऱ्या पेटीचा मात्र त्यांनी सत्यानाश केला होता, एका बंपरने.

फोन हातात घेतला, ठेवला. "माझी जबाबदारी" हे शब्द फार मोठ्याने बोलून झाले होते. आणि बायकोची दोन वर्षांची मेहनत, उद्या येणारी माणसं, तिकडे त्या खाणीत काम करणारे लोक, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. नरेंद्ररावांना बायकोच्या विषयातलं कळत नसेल, पण बायकोचा जीव त्यात किती आहे ते कळत होतं. त्यांना मनापासून अपराधी वाटलं. अपराधी वाटलं की काही माणसं रडतात, काही देवळात जातात. नरेंद्ररावांनी बाह्या सरसावल्या.

काम त्यांनी सुरेख केलं, याबद्दल दुमत नाही. फटीतली सगळी भुकटी चमच्याने काढून एका डब्यात भरली. उरलेल्या भुकटी-प्लॅस्टरचा ताजा गिलावा कालवला, खालची बाजू भरून वरच्या बाजूच्या पातळीला आणली, फट बुजवली. ठोकायला काही मिळेना म्हणून स्वयंपाकघरातून स्टीलची एक वाटी आणली आणि तिच्या बुडाने ठोकठोकून सगळं दगडासारखं केलं. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. मग उरला भुकटीचा डबा. सैन्यातला माणूस काही वाया घालवत नाही. पहिल्या पेटीत तो खळगा होताच. त्यात त्यांनी ती सगळी भुकटी ओतली, हलक्या हाताने सारखी केली आणि पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. दोन्हींवर शाडूचा थर दिला, झाकणं आवळली, टेबल पुसलं, वाटी घासली. संध्याकाळी नेत्राबाई आल्या तेव्हा ते गच्चीत तुळशीला पाणी घालत होते.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"एकदम पक्कं," नरेंद्रराव म्हणाले.

रविवारी अकराच्या सुमाराला देवतळे आले. धिप्पाड माणूस, परीटघडीचा पांढरा शर्ट. त्यांच्याबरोबर खाणीच्या प्लॅनिंग विभागातली कश्मिरा होती; नकाशे तीच काढायची. आईवडील मराठी, पण वाढलेली रांचीत, त्यामुळे मराठी सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. नरेंद्ररावांनी दोघांना चहा दिला, ट्रे सरळ धरून.

नेत्राबाईंनी पेट्या समजावून सांगितल्या. "या पहिल्या पेटीत थर सरळ आहे. तुमचा नकाशा म्हणते तसा. हिच्यातून काही येणार नाही, फक्त हवा. देवतळे, तुम्ही अगदी समोर उभे राहा, काही भीती नाही."

देवतळे भोकासमोर उभे राहिले, कमरेत वाकून. बाईंनी टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर लावला. काटा चढला. त्यांनी दोरी ओढली.

धाड असा आवाज झाला आणि गॅरेज काळं झालं. धूळ बसली तेव्हा देवतळ्यांचे फक्त डोळे दिसत होते. शर्टावर, मिशीवर, चहाच्या कपात, सगळीकडे कोळसा. ते तसेच वाकलेले होते, कारण सरळ व्हायचं त्यांना सुचलं नव्हतं. शेजारचे सरदारजी भिंतीवरून डोकावून "सब ठीक, कर्नल साब?" असं विचारून गेले.

नेत्राबाई पेटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरी पेटी लावली. देवतळे आता दारापाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी हवा भरली, मघाच्यापेक्षा जास्तच भरली. दोरी ओढली. फुस्स.

पुन्हा भरली. पुन्हा फुस्स. कोळशाचा एक कणही बाहेर आला नाही.

देवतळ्यांनी रुमालाने तोंड पुसलं, रुमाल काळा झाला, तोंड तसंच राहिलं. "मॅडम," ते सौम्यपणे म्हणाले, "मी तुमचा मान ठेवतो. पण मी मालकांना काय सांगू? सरळ थर फुटला अन् फॉल्टवाला गुपचूप बसला. ते म्हणतील, मग आपलं चालू द्या." त्यांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळची गाडी होती.

नेत्राबाईंचा चेहरा उतरला. नरेंद्ररावांनी तो चेहरा पाहिला. आपण तर नीट करून ठेवलं होतं, मग हे असं का झालं, हे त्यांना कळेना.

बाईंनी पाना घेतला आणि दुसऱ्या पेटीचं झाकण उघडलं. शाडूचा थर सुरीने कापून अलगद उचलला. खालचा कोळसा गुळगुळीत, सपाट, अखंड. त्या वाकल्या. कोळशावर ठिकठिकाणी गोल ठसे होते आणि प्रत्येक गोलात ठिपक्या-ठिपक्यांची उलटी अक्षरं. वाटीच्या बुडावर नाव घातलेलं असतं तसं. बाईंनी ती उलटी अक्षरं सुलटी वाचली: चि. सौ. कां. नेत्रा हिस, संपदाकडून सप्रेम.

संपदा म्हणजे नणंद. लग्नात तिने सहा वाट्या दिल्या होत्या.

"अहो," नेत्राबाई मागे न वळता म्हणाल्या, "इकडे या."

नरेंद्रराव आले आणि सावधान उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. चौकशी समितीपुढे जबानी द्यावी तसं, क्रमाने, एक तपशील न गाळता. गाडीचा धक्का, तुटलेला थर, भुकटीचा डबा, पहिल्या पेटीतला खळगा, वाटी. शेवटी म्हणाले, "धक्क्याने मोडलं असं मला वाटलं. तुझी मेहनत वाया जाईल म्हणून दुरुस्त केलं. चूक माझी. शिक्षा मान्य आहे."

"तुम्ही माझा फॉल्ट दुरुस्त केला," बाई सावकाश म्हणाल्या. "तो मी मुद्दाम केला होता. काल दारातून काय सांगितलं होतं? दुसरीतल्या फटीला हात लावू नका, ती तशीच पाहिजे. अन् तुम्ही म्हणालात हं."

"तो दुसऱ्या प्रकारचा हं होता," नरेंद्रराव म्हणाले.

कश्मिराला हसू आलं. देवतळे मात्र हसले नाहीत. ते पुढे आले. "थांबा साहेब. म्हणजे तुमचा धक्का लागला तो पहिल्या पेटीला. तिथं ओला थर दबला. खळगा झाला. अन् त्या खळग्यात तुम्ही मऊ भुकटी भरली. आमच्या भोकाच्या अगदी मागं."

"हो. आणि दोन्हींवर पाणसळ ठेवून पाहिली होती," नरेंद्रराव म्हणाले. निदान एवढं तरी बरोबर केलं होतं, हे त्यांना सांगायचं होतं. "वरून दोन्ही अगदी सपाट होत्या. बुडबुडा मधोमध."

नेत्राबाई झटकन वळल्या. "काय म्हणाले तुम्ही?"

"वरून सपाट होत्या म्हटलं."

बाई देवतळ्यांकडे वळल्या, आणि आता त्यांच्या आवाजात मघाची धार परत आली होती. "ऐकलं ना? वरून सपाट. मी स्वतः ही पेटी भरली, दोन वर्षं यातच घालवली, अन् मी तुम्हाला छातीठोक सांगितलं की समोर उभे राहा, काही येणार नाही. काहून? कारण माझ्या डोक्यातल्या नकाशात थर सरळ होता. आत कुणीतरी मऊ कोळसा भरून वर गुळगुळीत करून ठेवला होता. जिथं थर अचानक जाड होतो अन् मऊ होतो, तिथं तो फुटतो, मग त्याला फॉल्ट म्हणा, दुमड म्हणा की माझा नवरा म्हणा. इथं तुमचा शर्ट गेला. तिथं शर्टात माणसं असतील."

देवतळ्यांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. मग एक बारीक आवाज आला.

"सर," कश्मिरा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "वो जो पुराना बोरहोल है ना, गॅलरीच्या पुढचा... उसमें थर की मोटाई दुगनी आई थी. और अंदर का कोयला पूरा पावडर निकला था. मला वाटलं रीडिंग चुकलं आहे. बाकी सब इतना स्मूद था, एकच पॉइंट खाली जात होता. नक्शा अजीब दिख रहा था. तो मैंने... लाइन सीधी कर दी."

पहिल्यांदाच ती मराठीत दोन वाक्यं बोलली होती, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. देवतळे तिच्याकडे पाहत राहिले, मग नरेंद्ररावांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. नरेंद्ररावांना त्या मुलीची अशी काही कणव आली की त्यांनी तिला पटकन दुसरा कप चहा दिला. वाकडी रेघ दिसली की हात कसा शिवशिवतो, हे जगात त्यांच्याइतकं कोणाला कळलं असतं?

देवतळ्यांनी तिथूनच, काळ्या तोंडाने, खाणीत फोन लावला. "उद्यापासून गॅलरीत कोणी जायचं नाही. आधी समोर लांब भोकं पाडायची, मशीन लावून, माणसं दूर ठेवून. बैठकीचं मी बघतो." मग ते नरेंद्ररावांकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमचा एखादा शर्ट द्या. मालकांसमोर हा काळा घेऊन जाईन, पण गाडीत बसायला गोरा लागेल." नरेंद्ररावांचा शर्ट त्यांना पोटावर बसेना. शेवटी मंडळाच्या गणेशोत्सवाचा ढगळ कुर्ता घालून मॅनेजरसाहेब दिल्लीला गेले.

पाहुणे गेल्यावर नेत्राबाईंनी शिक्षा सुनावली. हॉलमधला लग्नाचा फोटो त्यांनी एका बाजूला बोटभर तिरका केला आणि बजावलं, "हा असाच राहणार. मी सांगेपर्यंत."

त्यानंतरचे महिने नरेंद्ररावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. ते फोटोकडे पाठ करून जेवत. टीव्ही बघताना मान आपोआप कलती होई. सरदारजी मुद्दाम येऊन फोटोसमोर बसत आणि "कर्नल साब, ये थोड़ा टेढ़ा नहीं?" असं निरागसपणे विचारत. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला नेत्राबाईंनी केलेल्या करंज्यांतली एक फुटली, दुमडीलाच फुटली, आणि नरेंद्ररावांनी ती उचलून बराच वेळ पाहिली. मंडळातही बदल कोणाच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नाही. कर्नलसाहेब आता बायको बोलायला लागली की पेपर खाली ठेवतात.

डिसेंबरात, धुक्याच्या एका दुपारी, देवतळ्यांचा फोन आला. नेत्राबाई बोलत होत्या, नरेंद्रराव समोर बसून ऐकत होते. त्यांना एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो... बरोबर त्याच जागी?... किती?... अन् माणसं?"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "भोक पाडताना आतून कोळसा उसळला. कोळशानं मशीनची कांब आतच दाबून धरली अन् भोकातूनच ट्रकभर भुगा बाहेर पडला. कश्मिराचा तो पॉइंट होता ना, तिथंच. गॅलरीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. सगळे मागं होते." त्यांचे डोळे भरले होते. "रिकामी होती अहो. पूर्ण रिकामी."

नरेंद्ररावांनाही भरून आलं. एका बंपरच्या धक्क्याने आणि आपल्या एका मूर्खपणाने हे इथवर आलं, याचा अभिमान वाटावा की लाज, हे त्यांना ठरवता येईना. ते उठले आणि फोटोपाशी गेले. नेत्राबाईंनी पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "करा आता सरळ. माफ केलं."

नरेंद्ररावांनी खिशातून पाणसळ काढली, फोटोच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. त्यांनी पाणसळ पुन्हा खिशात घातली, चौकटीची खालची कड दोन बोटांनी धरली आणि फोटो आणखी थोडा तिरका केला.

"अहो, आता पडेल तो," नेत्राबाई म्हणाल्या.

"हं," नरेंद्रराव म्हणाले. हा पहिल्या प्रकारचा होता.